ऐरणीजवळ बसायला माणूस हवा

(राजुरा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला बोलायला बोलावलं तेव्हा आयोजकांना वाटलं असेल की मी कॉम्प्युटर, नोकऱ्या, मुलाखतीची तयारी अशा विषयांवर बोलेन. पोट त्याच्यावर चालतं, त्यामुळे ते चुकीचं नव्हतं. पण त्या विषयावर बोलणारी माणसं यूट्यूबवर भरपूर आहेत. मी आज लोखंडावर बोलणार आहे. हाताने ठोकलेल्या लोखंडावर, जुन्या हत्यारांच्या नकला बनवण्याच्या कलेवर, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीवर.

आपल्या भागात लोहाराला खाती म्हणतात. शाळेत असताना अब्बांबरोबर मी खात्याकडे जायचो. विळ्याला दाते पाडून घ्यायला, कुऱ्हाड पाजवून घ्यायला, पावशीचं पातं बदलायला. भाता ओढायला मिळावा म्हणून आम्ही पोरं भांडायचो. पुढे नागपूरला इंजिनिअरिंग केलं, हैदराबादला नोकरी लागली आणि खाती विसरलो.

हैदराबादेत एका रविवारी सालारजंग म्युझियममध्ये गेलो होतो. शस्त्रांच्या दालनात एका जुन्या तलवारीच्या पात्यावर पाण्यावर वारा फिरावा तशा बारीक लहरी दिसल्या. मला वाटलं, वरून नक्षी काढली असेल. शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बेटा, ये नक्श नहीं, जौहर है. लोहे के अंदर का है." तो शब्द डोक्यात बसला. रात्री घरी येऊन वाचायला लागलो आणि वाचता वाचता कळलं की गोष्ट माझ्याच जुन्या जिल्ह्यापर्यंत येते.

जुना जिल्हा म्हणजे कोणता, हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागणार नाही. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. 17 सप्टेंबर 1948 नंतर आपण भारतात आलो, 1956 साली नांदेडला जोडले गेलो आणि 1959 साली चांद्याला. वर्धा नदीच्या पलीकडे इंग्रज आणि अलीकडे निजाम, असे आपण. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात निर्मल, आणि निर्मलच्या दक्षिणेला, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. इथून सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटर. या गावात पोलाद बनायचं. साधंसुधं नव्हे. इराणचे व्यापारी इतक्या लांब येऊन गावात मुक्काम ठोकायचे, माल समोर बनवून घ्यायचे आणि घेऊन जायचे. एच. डब्ल्यू. व्हॉयसी या इंग्रज भूशास्त्रज्ञाने ही पद्धत स्वतः पाहून लिहून ठेवली. ती टिपणं 1832 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. त्यात इस्फहानहून आलेल्या एका हाजी व्यापाऱ्याचाही उल्लेख आहे.

पद्धत थोडक्यात सांगतो. निरनिराळ्या ठिकाणच्या धातुकापासून काढलेलं लोखंड एकत्र करायचं, मातीच्या मुशीत घालायचं, वरून झाकण लिंपून बंद करायचं आणि भाते मारत रात्रंदिवस तापवायचं. आत लोखंड वितळतं, कर्ब शोषून घेतं. मग हळूहळू, खूप हळूहळू थंड होऊ द्यायचं. मूस फोडली की आत पोलादाची वडी मिळते. तिच्यात कर्बाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असतं. साध्या लोखंडाला आपण लालबुंद करून बिनधास्त ठोकतो. ही वडी मात्र जास्त तापली की घणाखाली चुरा होते. कमी आचेवर, धीर धरून, पुन्हा पुन्हा तापवून ती लांबवायची. तेव्हा कुठे त्या लहरी उमटतात.

अरबीत तलवारीला एक शब्द आहे, मुहन्नद. म्हणजे हिंदच्या पोलादाची. नवव्या शतकात अल-किंदी या तत्त्ववेत्त्याने तलवारींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात हिंदी तलवारींचा समावेश आहे. 1819 साली मायकल फॅरडेने लंडनमध्ये या भारतीय पोलादाचं रासायनिक विश्लेषण करून निबंध लिहिला. वीज शिकताना ज्याचं नाव पाठ केलं, तोच फॅरडे. त्याचे वडील लोहार होते, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही.

आणि मग हे सगळं बंद पडलं. इतकं की पुढच्या शंभर वर्षांत ते पातं कसं बनवायचं, हे सांगणारं कुणी उरलं नाही. 1998 साली अमेरिकेतले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होवेन आणि फ्लोरिडातला घोड्यांना नाल ठोकणारा कारागीर आल्फ्रेड पेंड्रे यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर एक मोठा उलगडा केला. लहरी उमटण्यासाठी पोलादात व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अगदी लेशभर अंश असावा लागतो. तो विशिष्ट खाणींच्या धातुकातून आपोआप येत असे. त्यांचं म्हणणं असं की ते धातुक संपलं किंवा बदललं, तेव्हा कारागिराचा हात तोच असूनही नक्षी येईना, आणि बापाने मुलाला शिकवायचं थांबवलं.

माझ्या धंद्यातला माणूस हे ऐकून घाबरतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. कोणी, केव्हा, का बदललं, सगळं. तरीही एखादा जुना सहकारी नोकरी सोडून गेला की कळतं, अर्धी सिस्टिम त्याच्या डोक्यात होती. आमच्यात प्रश्न विचारतात, किती माणसं उद्या आली नाहीत तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर ती धोक्याची घंटा. आपल्या तालुक्यातल्या खात्याच्या भट्टीपुढे उभं राहून हा प्रश्न विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येईल.

हे का झालं? कारागीर आळशी होते म्हणून नाही. नदीच्या पलीकडची, इंग्रजी चांद्याची गोष्ट घ्या. 1878 या एकाच वर्षी दोन कायदे आले. एक वन कायदा, दुसरा शस्त्र कायदा. वन कायद्याने जंगलावरचा सरकारी ताबा पक्का केला. कोळसा पाडायला लाकूड लागतं, ते परवानगीचा विषय झालं. शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणं परवान्याचा विषय केलं, म्हणजे गिऱ्हाईक गेलं. त्यात आगगाडीने विलायतेचं स्वस्त लोखंड गावोगाव आणलं. इंधन महाग, गिऱ्हाईक गायब आणि समोर स्वस्त माल. कोणता धंदा टिकेल?

त्यातली गंमत बघा. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याच्या डोंगरात लोखंड आहे, असा अहवाल 1882 साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने दिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा आणि लोहाऱ्याचं लोखंड यावर कारखाना काढावा, ही त्यांच्या पोलादाच्या स्वप्नाची सुरुवात. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य निघाला नाही, सरकारी अटीही जाचक होत्या, आणि शेवटी कारखाना उभा राहिला तो आजच्या झारखंडात. कंपनी स्थापन झाली 1907 साली. आज सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. लोखंड इथलं, कोळसा इथला, धूळ आपल्या फुफ्फुसात, आणि साधी चांगली कुऱ्हाड विकत घ्यायची तर बाहेरून आलेली, पत्र्याची.

आता माझी गोष्ट. 2020 साली लॉकडाऊन लागला आणि लॅपटॉप घेऊन मी घरी आलो. दिवसभर मीटिंग, संध्याकाळी रिकामा. एका गावात एक म्हातारे खाती होते, सत्तरीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला फक्त पंखा फिरवायला लावला. मी विचारलं, "बाबा, घण केव्हा देणार?" ते म्हणाले, "आधी इस्तो वळखाले शिक. लोखंड बोलते बाबू, पण त्याचा आवाज डोऱ्यानं आयकाव लागते."

डोळ्याने ऐकायचं. मी पुस्तकात तापमानाचे आकडे वाचले होते, पोलाद साधारण 770 अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं वगैरे. बाबांना आकडा माहीत नव्हता. ते सावलीत काम करायचे, उन्हात कधीच नाही, कारण उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. मी एकदा गंमत म्हणून चुंबक घेऊन गेलो. ते "झालं" म्हणाले आणि मी चुंबक लावला. चिकटला नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा ते बरोबर. मग त्यांनीच चुंबक मागून घेतला आणि नातवाला खेळायला दिला.

त्यांच्याकडे माल म्हणजे ट्रकच्या कमानीचे तुटके पाटे. कोळसा आणि सिमेंटच्या गाड्यांमुळे आपल्याकडे त्याला तोटा नाही. त्यात अर्ध्या टक्क्याच्या वर कर्ब असतो. म्हणजे पाणी धरतं. पाणी देणं म्हणजे काय, हे तरुणांसाठी सांगतो. पातं ठोकून घडवलं की ते लाल करून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवायचं. ते कडक होतं, पण काचेसारखं. दगडावर पडलं तर तुटेल. म्हणून ते घासून उजळायचं आणि पुन्हा हलकं तापवायचं. आता त्यावर रंग चढायला लागतात. आधी पिकल्या गव्हाचा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. विळ्याला कुठे थांबायचं, कुऱ्हाडीला कुठे, छिन्नीला कुठे, हे ठरलेलं. गव्हाच्या रंगावर थांबलं तर धार टिकते, निळ्यावर थांबलं तर लवचीकपणा येतो. हा सगळा खेळ काही क्षणांचा. मी पहिली सहा पाती फुकट घालवली. सातवा विळा आमच्या शेजारणीने दोन हंगाम वापरला, याचा मला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे.

मग मी बाबांना विचारलं, जुनी हत्यारं? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांच्या आजाने भाल्याची पाती केली होती. शिकारीची, वाघरासाठीची. त्यांनी स्वतः एकदा कट्यार केली होती, तरुणपणी, गावच्या नाटकासाठी. आम्ही ठरवलं, म्युझियममधल्या कट्यारीचे फोटो बघून एक नक्कल करायची. धार न लावता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नक्कल आणि शोभेची वस्तू यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाजारात शोभेच्या तलवारी मिळतात. स्टेनलेसचा एकसारख्या जाडीचा पट्टा कापलेला, मुठीच्या आत बोटभर सळई वेल्डिंग केलेली. हातात धरली की टोकाकडे जड. खरी जुनी तलवार उचला. वजन साधारण किलोभर, पण हातात हलकी वाटते. कारण मुठीजवळ सहा-सात मिलिमीटर जाड असलेलं पातं टोकाकडे दोन-तीन मिलिमीटरवर उतरत गेलेलं असतं. तो उतार घणाने काढलेला असतो. म्हणून हत्यार तोलात राहतं. नक्कल बनवायची म्हणजे हा उतार, हा तोल, हे पाणी पुन्हा शोधायचं. फोटोत ते दिसत नाही. ते फक्त बनवतानाच कळतं.

महाराष्ट्र शासनाने 2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली आणि ती बघायला लोकांची रीघ लागली. चांगलं झालं. पण मी लोहाराच्या बाजूने विचार करतो. दांडपट्ट्याचं पातं लांब आणि पातळ असतं. ते फिरवताना वाकतं आणि सरळ व्हावं लागतं. ते पाणी देणाऱ्याचं काम आहे. पत्रा कापून केलं तर वाकतं आणि वाकलेलंच राहतं. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ टिकला म्हणून तिथे निदान मागणी आहे. राज्यशस्त्र जाहीर झालं, पण राज्यशस्त्र घडवणाऱ्याला कोण ओळखतं?

आणि घडवणारे कोण होते? हे आपल्या लोकांनी, म्हणजे सगळ्यांनीच, ऐकावं. मराठ्यांची फिरंग घ्या. नावच सांगतं, पातं युरोपातलं, मूठ दख्खनची. पात्याला उजाळा आणि धार देणारा शिकलगार. हा शब्द अरबी सैकलवरून आला, म्हणजे घासून चकाकी आणणं. महाराष्ट्रात शिकलगार ही मुस्लीम जमात आजही आहे, ओबीसीच्या यादीत आहे. लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवायची कोफ्तगिरी हा फारसी शब्द. पोलाद फारसी, म्यान फारसी. घण उचलणारा खाती, धातुक आणि कोळसा आणणारे जंगलातले आदिवासी. आपल्या घरात हजरत दाऊदची गोष्ट सांगतात, त्यांच्या हातात लोखंड मऊ झालं आणि ते चिलखतं विणायचे. खात्याच्या घरी विश्वकर्म्याची गोष्ट सांगतात. ऐरण दोघांची एकच. एका तलवारीत इतके लोक आहेत, आणि आज ती तलवार एकाच रंगाच्या झेंड्याखाली उभी करायची घाई सगळ्यांना आहे. मिरवणुकीत नाचवलेली ती स्टेनलेसची पट्टी कुठल्याच कारागिराची नसते. ना त्यांच्या मिरवणुकीतली, ना आपल्या. हे मी दोन्हीकडे तोंडावर सांगतो.

तर कट्यार झाली. आठ इंच पातं, बोथट. मुठीचे दोन दांडे आणि आडव्या पट्ट्या बाबांनी तापवून एकमेकांत बसवल्या, वेल्डिंग न करता. मी आनंदाने वेडा झालो. आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'हाताने बनवली'.

अम्मी फोटो बघून एवढंच म्हणाली, "ये घर में नक्को, बेटा." मी हसलो. म्हटलं, अम्मी, ही कला आहे. ती म्हणाली, "तेरे लिए कला है. नाम तो तेरा ही है ना."

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला होता, आणि पुढे जाता जाता एकाचे अनेक झाले होते, 'बनवली'चं 'बनवून वाटतात' झालं होतं. मी गेलो. ज्यांनी चौकशी केली ते सभ्यपणे वागले, हे मुद्दाम सांगतो. जबाब घेतला, वस्तू ठेवून घेतली, गुन्हा नोंदवला नाही. पण त्यांनी विचारलं, कुणी बनवली? आणि मी खरं सांगितलं. मग बाबांना बोलावणं गेलं. सत्तर वर्षांत ज्या माणसाने ठाण्याची पायरी चढली नव्हती, तो बाकावर अर्धा दिवस बसला. दुपारची पाळी चुकली म्हणून भट्टी थंड झाली. परत येताना मोटारसायकलवर माझ्या मागे बसून ते एकच वाक्य बोलले. "बाबू, आता इळा आन् कुऱ्हाड. बाकी नाही."

मी कायदा वाचला तो त्यानंतर. आधी वाचायला हवा होता. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत धारदार हत्यारांचा एक वर्ग आहे. तलवारी, खंजीर, भाले, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तशी हत्यारं. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे कोयता मोठा असला तरी अवजार, आणि खंजीर नावानेच यादीत. शिवाय 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी तलवार-भाला नेता येत नाही. मी समजत होतो, धार नाही म्हणजे प्रश्न नाही. ते तितकं सरळ नाही. इंजिनिअर माणूस, कंपनीत एक ओळ बदलायची तर चार ठिकाणी परवानगी घेतो. इथे मी न विचारता एका म्हाताऱ्याचं नाव पणाला लावलं. चूक फोटो पुढे पाठवणाऱ्याची होतीच, पण पहिली चूक माझी होती.

अम्मीचं म्हणणंही खोटं नव्हतं. नाव वेगळं असतं तर तो फोटो तसा फिरला असता का, हा प्रश्न माझ्या मनात आहे आणि तुमच्याही मनात आला असेल. मी त्याचं उत्तर देणार नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही. पण त्यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, असल्या भानगडीत पडायचंच नाही. दुसरा, पडायचं, पण दार उघडं ठेवून, कागद पुढे ठेवून. पहिला सोपा आहे आणि आपल्या बऱ्याच घरांत तोच काढला जातो. म्हणून आपली पोरं इतिहासाच्या कामात दिसत नाहीत, आणि मग आपणच तक्रार करतो की इतिहासात आपण दिसत नाही.

जपानचं उदाहरण सांगतो. तिथे 1945 च्या पराभवानंतर तलवारींवर बंदी आली, असंख्य तलवारी नष्ट झाल्या. पुढे त्यांनी मार्ग काढला. आज तिथे तलवार घडवायला सरकारी परवाना लागतो. तो मिळवायला परवानाधारक उस्तादाकडे किमान पाच वर्षं उमेदवारी करावी लागते. एका कारागिराला महिन्याला लांब तलवारी दोनच करता येतात, म्हणजे घाई नाही आणि घाऊक मालही नाही. जुन्या पद्धतीचं पोलाद मिळावं म्हणून शिमाने प्रांतात 1977 साली पारंपरिक भट्टी पुन्हा पेटवली. श्रेष्ठ कारागिराला राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणतात. कायदा कडक आहे, आपल्यापेक्षाही कडक. पण त्या कायद्यात कारागिराला जागा आहे. आपल्याकडे डेहराडूनसारख्या ठिकाणी ऐतिहासिक तलवारींच्या नकला बनवून परदेशी निर्यात करणारे मोठे कारखाने आहेत. म्हणजे परवाना घेऊन हे काम होतं. प्रश्न गावच्या खात्याचा आहे, ज्याच्याकडे ना वकील, ना निर्यातदार.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तारीख लक्षात ठेवा, आपल्या मुक्तिदिनाचीच आहे. त्यात अठरा धंदे आहेत. लोहार त्यात आहेच, पण 'अस्त्रकार' हा धंदाही वेगळा नोंदला आहे. सरकार स्वतः म्हणतं की असा कारागीर असतो. अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज. आपल्यातल्या ज्या मुलांना ऑनलाइन अर्ज भरता येतो, त्यांनी आपापल्या गावचा खाती, शिकलगार, घिसाडी यांचे अर्ज भरून द्यावेत. पैसे न घेता. नोंदणी म्हणजे परवाना नव्हे, हेही त्यांना सांगावं. पण ओळखपत्र असलेल्या माणसाशी बोलण्याची पद्धत बदलते.

दुसरी. नोंद. व्हिडिओ काढा, पण फक्त ठिणग्यांचा नको. कोणता पाटा, कोणता कोळसा, रंग कोणता, किती वेळा तापवलं, तेल की पाणी, कुठे फसलं. फसलेलं जास्त लिहा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही चुकांच्या नोंदीतूनच शिकतो. आणि कारागिराचं नाव, फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. हा नियम मी माझ्या खर्चाने नाही, बाबांच्या खर्चाने शिकलो.

तिसरी. जमिनीवर बघा. 2010 साली एक्झेटर विद्यापीठ आणि बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजने उत्तर तेलंगणात फिरून लोखंड-पोलाद बनवण्याच्या जुन्या जागा शोधल्या, गावोगाव नोंदल्या. त्यांचे जिल्हे तेलंगणातले होते. दगड मात्र सीमा पाळत नाही. जिवतीच्या डोंगरात, माणिकगडाच्या पायथ्याला, शेतात काळा, जड, फेसाळलेला लोखंडाचा कीट सापडला तर फेकू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा, कॉलेजच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा.

चौथी. नक्कल करायचीच असेल तर एकट्याने, घरात, गुपचूप नको. एखादं म्युझियम किंवा महाविद्यालय बरोबर घ्या, आधी लेखी कळवा, काय बनवणार, कशासाठी, कुठे ठेवणार. नागपूरच्या अजब बंगल्यात, 1863 पासूनच्या त्या संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. तिथे जाऊन मापं घ्यायची रीतसर परवानगी मागता येते. कागद हातात आला की मग घण उचला. वेळ लागेल. पोलादाची वडीसुद्धा घाईने थंड केली तर फुकट जाते.

आता बाबांचं सांगतो. वर्षभर मी त्यांच्याकडे गेलो नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. मग एकदा अम्मीचीच पावशी बोथट झाली आणि तिनेच पिटाळलं. बाबांनी काहीच विचारलं नाही. पंख्याकडे बोट दाखवलं. मी बसलो. त्यांचा मुलगा कोळशाच्या ट्रकवर आहे, नातू मोबाईल दुरुस्ती शिकतोय, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्यांचा हात आता थरथरतो. घण दुसऱ्याने मारायचा, त्यांनी छोट्या हातोडीने फक्त जागा दाखवायची, असं चालतं. कट्यारीचं मी काढत नाही. तेही काढत नाहीत. परवा मात्र विळ्याला पाणी देताना त्यांनी पातं नेहमीपेक्षा थोडं जास्त तापू दिलं. रंग गव्हावरून तांबूस झाला, जांभळा झाला, निळ्यावर आला. मग बाजूला घेतलं आणि म्हणाले, "इळ्याले एवढं नाही लागत. पाहून ठेव पण." इतकंच. मी वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारपासून त्यांच्याकडे सकाळी सात ते दहा तीन मुलं बसवायची परवानगी त्यांनी दिली आहे. फक्त विळा आणि कुऱ्हाड शिकवतील. मुलगा-मुलगी, जातधर्म याची त्यांना अट नाही. अट एकच, मोबाईल बाहेर ठेवायचा. सुती कपडे घाला, टेरिकॉटवर ठिणगी पडली तर चिकटते. पायात बंद बूट हवेत. पहिले पंधरा दिवस पंखाच फिरवायचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना यायचं त्यांनी कार्यक्रमानंतर मला नाव द्या.